सासऱ्यांची सुनावणी

शासनव्यवहार आणि मानवी हक्क हा विषय मी आवडीने घेतला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी असली तर बरं पडतं, असं कळल्यावर मी दूरशिक्षणाच्या माहितीपत्रकातले सगळे विषय एका कागदावर उतरवले आणि एकेक खोडत गेले. ज्याचे वर्ग पुण्याला ते खोडले, ज्याची पुस्तकं मराठीत नाहीत ते खोडले, ज्यात गणित आहे ते तर आधीच खोडले. उरला तो हा. वर्ग रविवारी, सोलापुरातच. पुस्तकं पोस्टाने घरी. नवरा म्हणाला, "आधीच घरात तुझंच राज्य आहे. आता हक्क शिकून आमचं काय करणार आहेस?"

पुस्तकं आली त्याच सुमाराला माझे सासरे पहिल्यांदा हरवले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते कोर्टात बेलीफ होते, म्हणजे ज्याच्या नावाचं समन्स असेल त्याच्या हातात ते नेऊन देणारे. अक्कलकोट रस्त्यावरची गावं त्यांनी सायकलवरून आणि एसटीतून पालथी घातली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर मामांच्या डोक्यातून मधली वर्षं हळूहळू गळायला लागली. त्या दिवशी अंघोळ करून, शर्ट खोचून, कापडी पिशवी खांद्याला लावून ते बाहेर पडले, ते दुपारी कुंभारीजवळ सापडले. एका रिक्षावाल्याने ओळखीतून ओळख काढत भवानी पेठेत आमच्या दारात आणून सोडलं. एका पायात चप्पल नव्हती.

"मैंदर्गीचं समन्स हाय," मामा मला म्हणाले. "आज पोचलं पायजे की. तारीख जवळ आलीय."

पिशवीत जुना पंचा आणि वर्तमानपत्राचं एक पान होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, हे वाढतच जाणार, त्यांना एकटं बाहेर सोडू नका. कसं सोडायचं नाही, ते मी ठरवायचं होतं. मला अशी कामं जमतात. खिशात फोन नंबराची चिठ्ठी शिवली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, रिक्षा स्टँडवर सांगून ठेवलं. दिवसभरासाठी एक बाई ठेवून पाहिल्या; दुपारी त्यांचा डोळा लागला आणि मामा पुन्हा रस्त्यावर. त्या वेळी एका टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि हात गळ्यात बांधावा लागला. नवरा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. वृद्धाश्रमाचं नाव मी एकदाच काढलं. नवरा ताटावरून उठला. नणंदेने फोनवरून सल्ला दिला, "वहिनी, सरळ बाहेरून कुलूप लावा. त्यांच्याच जिवासाठी आहे." ती पुण्याला असते.

मी कुलूप आणलं. एक किल्ली शेजारच्या अक्कांकडे दिली. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या, दिवसभर ओट्यावर बसून विड्या वळतात. दुपारी त्या खिडकीतून मामांना चहा देतील, काही झालं तर दार उघडतील, असं ठरलं. किल्ली कनवटीला लावत अक्का म्हणाल्या, "देते की चहा. पण वैनी, तुमी शिकताय काय आन् करताय काय?"

त्यांना वाईट वाटावं असं मी काहीतरी बोलले. काय ते आता आठवत नाही. त्यांनी मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दार ओढून घेत होते, तर मामांनी आतून फळीवर हात ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला. "कुनाच्या हुकमानं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कुलूप कुनाच्या हुकमानं घालतीस? म्या किती घरांस्नी जप्ती लावली. पर हुकूम दावल्याबिगर कुनाच्या कडीला हात लावला न्हाय. दाव हुकूम."

शाळेची वेळ झाली होती. मी आत आले, आखीव ताव घेतला आणि कार्यालयात रोज लिहिते त्या भाषेत आदेश लिहिला. विषय, संदर्भ म्हणून डॉक्टरांचा कागद, आणि खाली, उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपण चालू महिनाअखेरपर्यंत एकट्याने घराबाहेर जाऊ नये. मामांनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवत वाचलं. "शिक्का कुटं हाय?" शिक्का म्हणून मुलीच्या लहानपणीचा कमळाचा रबरी ठसा कपाटात होता, तो उमटवला. त्यांनी कोपऱ्यात 'प्रत मिळाली' लिहून झोकदार सही केली, तावाची घडी घालून खिशात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

"बरं साहेब," ते म्हणाले.

तेव्हापासून कागद हातात असला की मी साहेब आणि नसला की पोरी. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "मला पण एक काढून दे," म्हणाला, "भाजी आणायचा आदेश." मीही हसले. उपाय चालला होता. शाळेत निघताना ते दाराकडे बघतही नसत. रविवारी वर्गाला जाताना मी त्यांच्या खिशावर हात मारून म्हणायची, "हुकूम आहे ना मामा?" आणि ते खिसा चाचपून मान हलवायचे. एका उपायात इतकं काम झालेलं मी माझ्या आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या वर्गात नैसर्गिक न्यायाचं प्रकरण झालं. शिकवणारे सर निवृत्त प्राध्यापक, खणखणीत आवाजाचे. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलं पाहिजे, निर्णय करणारा त्या प्रकरणात स्वतः गुंतलेला नसावा, कारणं लेखी द्यावीत, दाद मागायला जागा असावी. मी समासात टिपणं काढत होते. मग पेन थांबलं. वर्ग सुटल्यावर मी सरांना गाठलं आणि घरचं न सांगता विचारलं, "सर, ज्या माणसाला स्वतःचं हित कळत नाही, त्याचं म्हणणं कसं ऐकायचं?"

सरांनी थोडा विचार केला. "फार चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "परीक्षेला येणार नाही."

महिना संपला. जेवलो की नाही हे मामांना आठवत नसे, पण मुदत त्यांना आठवली, किंवा खिशातल्या कागदाने आठवण दिली असेल. सकाळी ते शर्ट खोचून, पिशवी लावून दाराशी उभे होते.

"हुकमाची मुदत संपली, साहेब."

मी वाढीव आदेश लिहायला बसले. सवयीने संदर्भ टाकला, तारीख टाकली. मामा माझ्या खांद्याशी उभे राहून बघत होते. "आवो, आदी माजं म्हननं तरी घ्या," ते म्हणाले.

त्या दिवशी मला शाळेत वेळेवर जायचं होतं, तपासणी होती. तरी मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बोला मामा."

ते बोलले. सरळ उभं राहून, एकेक वाक्य तोडत, साक्ष दिल्यासारखं. मैंदर्गीला एक माणूस आहे. त्याच्या भावाने त्याच्यावर वाटणीचा दावा लावला आहे. समन्स निघालं आहे, पण माणूस घरी भेटत नाही. दारावर डकवून परत यायला ते तयार नाहीत, कारण वाऱ्याने कागद उडतो आणि बकऱ्या खातात. तारखेला तो आला नाही तर निकाल एकतर्फी होईल.

"मला बाहेर फिरायची हौस न्हाय," मामा म्हणाले. "पर त्या मानसाला कळाया नको व्हय, त्याच्यावर दावा झालाय म्हनून? त्याला ठाऊकच न्हाय. तो आपला शेतात काम करीत आसंल."

नवरा कामाला जायला बूट घालत होता, तो थांबला. "असा खटला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हा. त्या माणसाचं काय झालं कुणास ठाऊक."

त्या दिवशी मी वाढीव आदेश काढला. पण येणारा शनिवार मी मोकळा केला. पाण्याची बाटली, कडक भाकरी, शेंगाची चटणी, मामांच्या गोळ्या, एक जादा चप्पल. आणि माझ्याच अक्षरात लिहून कमळाचा ठसा मारलेलं एक समन्स. अक्कलकोटला एसटी बदलून आम्ही मैंदर्गीला पोचलो.

मामा माझ्यापुढे चालत होते. भेटेल त्याच्याशी कानडीत बोलत होते, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा शब्द कुठे अडखळत नव्हता. नाव मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. घराची खूण सांगत होते, पुढे चिंच, मागे आड. एका दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मामांच्या पाठीमागून हात जोडले. तो शहाणा माणूस. गादीवरून उठून खाली आला. मामांनी कागद दोन्ही हातांनी पुढे केला. "तगोरी," म्हणाले, म्हणजे घ्या. दुकानदाराने घेतला, पूर्ण वाचला, मामांनी दाखवलेल्या जागी सही केली आणि तारखेला येतो म्हणून सांगितलं. वर आम्हाला चहा पाजला.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी झोपले. कोपर बरं झालेला हात त्यांनी माझ्या पर्सवर ठेवला होता. मी मनातल्या मनात त्या कामापुढे बरोबरची खूण केली. समन्स बजावलं, आता बाहेर जायचं कारणच उरलं नाही, कुलूपही काढता येईल. कुंभारीच्या थांब्यापर्यंत मी ते ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी वर्गाची पिशवी भरत होते. मामा अंघोळ करून आले, शर्ट खोचला.

"मैंदर्गीचं समन्स हाय," ते म्हणाले. "आज पोचलं पायजे की."

"मामा, काल दिलं आपण. त्यांनी सही केली. हे बघा." मी सहीचा कागद दाखवला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ही दुसऱ्या कुनाची तरी सही हाय," म्हणाले. तेही खरंच होतं.

नवरा म्हणाला, "पुन्हा घेऊन जाऊ या का?" आम्ही पुन्हा गेलो नाही असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, नंतर आणखी एकदा गेलो. दुकानदाराने तिन्ही वेळा सही केली. शेवटच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मी करतो हो कितीबी सह्या. पण त्यांना कशाला दमवता?" उतरताना मामांचा पाय एसटीच्या पायरीवरून घसरला होता, गुडघा सोलला होता. त्यानंतर जाणं थांबलं.

सुनावणी मात्र मी सुरू ठेवली. दर महिन्याच्या शेवटी मी टेबलाशी बसते, मामा समोर उभे राहतात. खुर्ची दिली तर घेत नाहीत. मी त्यांचं म्हणणं शब्दशः उतरवून घेते, वाचून दाखवते, ते सही करतात. मग मी खाली नामंजूर लिहिते, कारण लिहिते आणि पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत वाढवते. म्हणणं ऐकणारी मीच, निकाल देणारी मीच, किल्लीही माझ्याच पर्समध्ये. प्रकरणात स्वतः गुंतलेल्याने निर्णय देऊ नये. मग कोणी द्यावा? नवरा देत नाही. नणंद कुलूप लावा म्हणते. डॉक्टर गोळ्या वाढवू का विचारतात. वाढवल्या की मामा दिवसभर झोपतात आणि कुलपाची गरज पडत नाही. त्याला मी नाही म्हटलं. तेवढ्या एकाच गोष्टीला मला 'नाही' म्हणता आलं.

सत्रांत लेखनासाठी विषय आला, आपल्या परिसरातील व्यक्तिस्वातंत्र्यावरील मर्यादेचं एक उदाहरण आणि त्यावरील उपाय. मी फेरीवाल्यांना हटवल्याचं उदाहरण लिहिलं. उपायांचं पान भरून काढलं. चांगले गुण मिळाले.

या वेळी महिनाअखेर रविवारी आली, आणि नवऱ्याला कारखान्यात जादा पाळी होती. वर्गाला जायच्या आधी मी ताव घेऊन बसले. मामा आले. शर्ट खोचलेला नव्हता, पिशवी नव्हती.

"बोला मामा. तुमचं म्हणणं."

ते भिंतीकडे बघत राहिले. मी थांबले. शेजारी अक्कांच्या दारात कुणी तेलुगूत हसलं. मी पुन्हा म्हणाले, "मैंदर्गीचं सांगा. समन्सचं."

"लिवा की, साहेब," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"नामंजूर. दुसरं काय लिवताय तुमी?"

मी म्हणाले, "तसं नाही मामा, आधी तुम्ही सांगायचं, मग मी." कोऱ्या कागदावर जिथे त्यांचं म्हणणं यायचं, त्या जागेखाली त्यांनी स्वतःच पेन घेऊन सही केली, तीच झोकदार, आणि पेनाला टोपण लावून मला परत दिलं. मी वर काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. शेवटी लिहिलं, हजर, काही सांगायचे नाही. मग नामंजूर लिहिलं, मुदत वाढवली, ठसा उमटवला. खिडकीत पाणी ठेवलं. बाहेर येऊन कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि वर्गाला वेळेवर पोचले.