बाबा जमिनीवर असताना

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, पण त्यांचे किस्से काही संपत नाहीत. घरची चौघं जमलो की कुणीतरी म्हणतं, "तुम्हाला ते ठाऊक आहे का?" आणि खरोखरच ते बाकीच्यांना ठाऊक नसतं. नौदलाची विमानं उडवणारा माणूस घरी कमी असायचा, म्हणून असेल. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळेच बाबा आलेत.

*

माझा जन्म झाला तेव्हा बाबा जहाजावर होते. मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मी आठ महिन्यांची. पांढऱ्या युनिफॉर्ममधला अनोळखी माणूस दारात बघून मी जे भोकाड पसरलं, ते थांबेना.

बाबा मागे सरकले. "तिला सवय होऊ दे. मी इथेच बसतो," म्हणाले आणि बूटही न काढता उंबऱ्यावर बसून राहिले. तासाभराने मी रांगत गेले आणि त्यांची टोपी ओढली.

"लँडिंगची परवानगी मिळाली," ते आईला म्हणाले, आणि मगच घरात आले.

*

निवृत्तीनंतर खराडीत फ्लॅट घेतला. गाडी बाहेर काढायची तर आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी. टायर दाबायचे, वाकून खाली बघायचं, आरसे पुसायचे. सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख हे रोज बघायचे. एकदा त्यांना राहवलं नाही.

"कमांडरसाहेब, ही काही उडत नाही."

"उडणारी अशीच तपासली, म्हणून तुमच्यासमोर उभा आहे," बाबा म्हणाले आणि चौथा टायर दाबला.

*

माझी मुलगी सई एकदा शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्यांची मुलाखत घ्यायला बसली.

"आजोबा, जहाजावर विमान उतरवताना भीती वाटायची?"

"दर वेळी."

"मग काय करायचात?"

"उतरायचो. दुसरीकडे जागाच नसायची."

"आणि आजीला सांगायचात?"

"पत्रात लिहायचो की, आज हवा छान होती."

*

एका साध्यासुध्या मंगळवारी ऑफिसच्या गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, तुमचे वडील आलेत. केक घेऊन." खाली गेले तर केकवर सहा मेणबत्त्या.

"बाबा, आज माझा वाढदिवस नाहीये."

"माहितीय. हा तुझा सहावा. तेव्हा मी समुद्रात होतो."

माझे चुकलेले अकरा वाढदिवस त्यांनी डायरीत लिहून ठेवले होते. मग वर्षातून कधीतरी असा एखादा केक यायचा. मी चाळिशीला आलेली आणि केकवर आठ मेणबत्त्या. कधी मी हसायचे. कधी मीटिंग सोडून खाली यावं लागलं म्हणून वैतागायचेसुद्धा.

नऊ झाले. दोन राहिले.

*

वर्षश्राद्धाला साठेकाका आले होते. बाबांच्या विमानात ते नेव्हिगेटर असायचे. जेवणं झाल्यावर सगळे बसलो होतो, तेव्हा काका आईला म्हणाले, "वहिनी, हा आम्हाला काय ऐकवायचा, माहितीय? म्हणायचा, माझ्या बायकोला माझ्या विमानाचा आवाज ओळखू येतो. मी घरी पोचतो तेव्हा चहा तयार असतो. आम्ही सगळे जळायचो त्याच्यावर."

तेव्हाचं आमचं क्वार्टर धावपट्टीला लागूनच होतं. दिवसभर विमानं उतरायची.

आई म्हणाली, "मला कुठला आवाज कळतोय. सगळ्यांचा सारखाच. मी प्रत्येक विमानाला चहा टाकायचे."

काकांनी विचारलं, "त्याला कधी सांगितलं नाहीत?"

"नाही. त्यांना किती बरं वाटायचं."

"मग तो बाकीचा चहा?"

"मीच प्यायचे," आई म्हणाली. "दोघांच्या कपांत ओतून."