आत्याने पाहिलेला सिनेमा

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याने लिहायला बसावे हे धाडसच, त्याबद्दल क्षमा असावी. पण आज मैदानातल्या तापलेल्या मातीचा वास आला आणि देहूरोडच्या लष्करी मैदानावरचा तो सिनेमा आठवला. वाळवंटातल्या लढाईचा, घोडेस्वारांचा इंग्रजी सिनेमा लागणार हे कळताच मोशीची माझी आत्या मला ने म्हणून हटून बसली, कारण तिचा नवरा पहिल्या महायुद्धात रिसाल्याबरोबर तिकडे गेला तो परतलाच नव्हता, आणि मेल्याची खबर आली नाही म्हणून ती अजून कुंकू लावत होती. पडद्यावर घोडे उधळले तशी ती एकेका स्वाराचा चेहरा न्याहाळू लागली. "आत्या, ही नटमंडळी आहेत," मी हळूच म्हणालो. मागून कुणी तरी हसले, "काय म्हातारे, गावला का दादला?" ती मागे न वळता मला म्हणाली, "माणसं खोटी असतील रं, वाळू तर खरी हाय न्हवं? कसल्या मुलखात ऱ्हायलाय त्ये तरी बघू दे." काल गावाकडचा माणूस भेटला. आत्या गेली म्हणाला. सवाष्ण की विधवा यावर भावकीत बराच वाद झाला, आणि शेवटी कपाळ पुसूनच तिला नेले.