मी बिघडवलेली मुखपृष्ठं

आमच्या ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ती पंख्याची गंमत सांगा ना." पंख्याची सांगितली की साड्यांची आठवते, साड्यांची झाली की तंबोऱ्याची. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते रद्दीसारखे आपोआप साठत जातात. फरक एवढाच, की बाकीचे हसतात आणि मी कपात बघत बसते. कारण प्रत्येक किश्शात चूक माझी आहे.

मी सोलापुरातल्या एका छोट्या संगीत मासिकाची मुखपृष्ठं करते. संपादक दिगंबर सर, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांचा हट्ट एकच: मुखपृष्ठावर मोठ्या शहरातलं नावाजलेलं कुणी नको, आपल्याकडची माणसं हवीत. "त्यांना हा मान जन्मात एकदाच मिळणार आहे, जपून कर," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली आणि कामाला लागले. डोक्यात मात्र एवढंच, की स्टॉलवर लोकांनी अंक उचलला पाहिजे.

* * *

नवी पेठेतल्या स्टॉलवर मासिकं दोरीला चिमट्यांनी लटकवतात, एकावर एक. त्यामुळे प्रत्येकाची वरची चार बोटं पट्टी तेवढी दिसते. हे मला ठाऊक नव्हतं. वैरागच्या एका तरुण गवयाचा फोटो मी मोठ्या हौसेनं खाली घेतला, मासिकाचं नावही तळाला नेलं, वर भरपूर मोकळी जागा सोडली. "मोकळ्या जागेनं चित्राला श्वास मिळतो, सर," असं ऐकवलंसुद्धा.

त्या मोकळ्या जागेत सभागृहाचा पंखा होता.

महिनाभर नवी पेठेत तो पंखाच लटकत होता. शेवटी स्टॉलवाले चाचा मला म्हणाले, "मॅडम, लोगां पूछ रै, पंखे का मासिक है क्या?"

ऑफिसात किस्सा इथंच संपतो. पुढचं मला चाचांनी सांगितलंय. तो गवई आईला एसटीनं घेऊन आला होता, स्टॉलवर लागलेला आपला फोटो दाखवायला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू कुटं हाईस रं?" चाचांनी चिमटा काढून अंक तिच्या हातात दिला, तेव्हा कुठं मुलगा सापडला. त्यानं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मी मात्र कितीतरी दिवस त्या स्टॉलवरून जाताना रिक्षात मान खाली घालून बसायचे.

* * *

माढ्याकडचं महिला भजनी मंडळ. अकरा जणी, अकरा रंगांच्या साड्या. त्या गर्दीत मासिकाचं नाव वाचता येईना. मी कॉम्प्युटरवर सगळ्यांना एकच मोरपंखी रंग नेसवून टाकला. मुखपृष्ठ असं काही उठून दिसलं, की चाचांनी आणखी अंक मागवले आणि सरांनी माझी पाठ थोपटली.

मग मंडळाच्या प्रमुख शांताबाईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "बाई, कोन काय नेसायचं ते आमी लई दिस ठरवत हुतो. माझी लेकीच्या लग्नातली हुती. ती कुटं गेली?"

"डिझाइनसाठी एकसारखं केलं, मावशी. छान दिसतंय की नाही?"

"छान हाय की," त्या म्हणाल्या. "पन गावात इचारत्यात, साड्या कुन्या पुढाऱ्यानं वाटल्या म्हून."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच "ऱ्हाऊ द्या, तुमी मन लावून केलासा," असं म्हणून फोन ठेवला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

* * *

तंबोऱ्याचा किस्सा छोटा आहे. आमच्या शहरातल्या गायनशिक्षिका सुमनताई मुलाखतीत सहज बोलून गेल्या, की गुडघे दुखतात, आता सकाळचा क्लास बंद करावा म्हणते. मी मुखपृष्ठावर त्यांच्या फोटोखाली ठळक अक्षरात टाकलं, "गाणं थांबणार?" अंक हातोहात गेला.

आठवड्यानं ताई दोन जिने चढून ऑफिसात आल्या. "दोघी-तिघींच्या आयांनी मुली दुसरीकडं घातल्या, ते मी समजू शकते," त्या दम खात म्हणाल्या. "पण काल एक गृहस्थ माझा तंबोरा विकत न्यायला टेम्पोच घेऊन आले!"

सगळे हसले, ताईही हसल्या. मी मनातल्या मनात घोकत होते, की मी फक्त प्रश्नचिन्ह टाकलं, खोटं काही लिहिलं नाही. त्या नादात ताईंना साधी खुर्ची द्यायचंही मला सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

* * *

शेवटचा किस्सा ऑफिसात कुणी सांगत नाही.

सिद्राम अण्णा भीमगीतांच्या पार्टीत पन्नास वर्षं ढोलकी वाजवतात. मुखपृष्ठासाठी त्यांचा वाजवतानाचा फोटो आला तो फार सुंदर होता, पण चेहरा डावीकडं, म्हणजे अंकाच्या शिवणीकडं. चेहरा पान उघडतं त्या बाजूला बघत असला की वाचणाऱ्याचा हातही तिकडं जातो, हे आमच्या धंद्यातलं साधं गणित. मी फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. चादरीची डिझाइनं करणाऱ्या घरात वाढले मी. चादर उलटी टाकली तरी नक्षी तीच राहते, त्यामुळे मनात काही आलंच नाही.

अंकाच्या प्रकाशनाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. सरांनी आग्रह केला, "थोडं वाजवा." अण्णांनी ढोलकी मांडीवर घेतली. समोर टेबलावर अंक उभा होता, त्याच्याकडं पाहिलं. मग ढोलकी फिरवून घेतली, उजवं-डावं तोंड बदललं आणि वाजवायला लागले. बोल अडखळत होते. ठेका दोनदा सुटला. पार्टीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तिसऱ्यांदा ठेका सुटला तसा गाणाऱ्यानं गाणंच आवरतं घेतलं.

माझ्या शेजारी बसलेला, पार्टीत मागं सूर धरणारा त्यांचा झीलकरी हळूच म्हणाला, "अण्णा डावखुरा हाय. आज असं का वाजवायलाय, कळंना."

मी उलट्या केलेल्या फोटोत ते उजव्या हातानं वाजवताना दिसत होते. अण्णा खाली उतरले तशी मी त्यांना गाठलं आणि फोटो मीच उलटा केल्याचं सांगून टाकलं. माफी मागितली.

ते घाम पुसत म्हणाले, "मला वाटलंच तसं."

"मग अण्णा, तुमच्या हातानं का नाही वाजवलंत?"

"आमच्या उस्तादानं माझा डावा हात बांधून बगितला, मारून बगितलं, पन मला उजव्यानं काय आलं न्हाय. त्येच दुःख घिऊन गेला म्हातारा." अण्णांनी टेबलावरचा अंक उचलून सदऱ्याच्या बाहीनं पुसला. "काल तुमी घरी धाडलेला अंक त्येंच्या फोटोम्होरं ठिवला. म्हनलं, बगा, जमलं. आता हितं चार लोकांत डाव्यानं वाजवलं, तर मी खोटा पडंन की."