फिर्यादीचा हट्ट

चष्मा कपाळावर सरकला, की समजायचं, मावशी आता विचारणार. "त्याला विचारलंत का?" बस, एवढंच. शेजाऱ्यानं बर्फ आपल्या ड्राइव्ह-वेवर ढकलला, सून फोन उचलत नाही, नवीन डीनला काही कळत नाही. तुम्ही रंगात येऊन सांगत असता आणि तो चष्मा वर जातो. कितीतरी चांगल्या गप्पा त्या बाईंनी अशा मारून टाकल्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. सुरुवातीला त्याचा रागच येतो. मला तर फार आला होता.

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात, कायद्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते. आले नवऱ्याच्या व्हिसावर, घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा लायब्ररीचं शिकले. मावशी त्याच कॉलेजात कंत्राटावर शिकवायच्या. विषय असा, की मराठी मंडळाच्या पिकनिकला लोक दोनदा विचारायचे आणि तिसऱ्यांदा विषय बदलायचे. कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा, आणि त्याचा इतिहास.

त्या मूळच्या वसईच्या. मराठी शाळेत शिकलेल्या, चर्चमध्ये मराठी गाणी म्हणत वाढलेल्या. "ख्रिश्चन असून इतकं छान मराठी?" असं कुणी कौतुकानं म्हटलं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "तुमचंही बरं आहे." विशीत नन झाल्या. धर्मसंघानं हुशार म्हणून रोमला कायदा शिकायला पाठवलं. शिकून आल्या आणि वरिष्ठांशी नियमावर बोट ठेवून भांडायला लागल्या. शेवटी रीतसर अर्ज, रीतसर परवानगी, आणि रीतसर बाहेर. "त्यांनीच शिकवलं, त्यांच्यावरच वापरलं," असं सांगताना त्यांना हसू आवरायचं नाही. देवावरचा विश्वास मात्र त्यांनी कधी सोडला नाही. रविवारची प्रार्थना कधी चुकवली नाही आणि प्रवचनातली चूकही कधी सोडली नाही.

अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं त्या चर्चच्या न्यायालयात होत्या. कॅथलिकांचं लग्न मुळात वैध होतं की नव्हतं, हे तिथे ठरवतात. नवरा-बायको दोघांनाही सुटायचं असलं, तरी लग्न टिकवण्याच्या बाजूनं बोलायला एक माणूस नेमलेलं असतं. ते काम मावशींचं. "मी नवऱ्याची नाही, बायकोची नाही, मी लग्नाची वकील," त्या म्हणायच्या. मी म्हटलं, "मावशी, दोघांनाही नको असलेल्या लग्नासाठी भांडायचं? कसलं हे काम." त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर जेवण जायचं नाही कधीकधी. पण कुणीतरी बोलायला नको का गं?"

त्यांच्या वर्गाच्या मागच्या बाकावर मी पहिल्यांदा बसले ती केवळ प्रोजेक्टर बंद पडला म्हणून. नंतर सवय लागली. त्या सांगायच्या, नऊशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बोलोन्या गावात पोरं कायदा शिकायला जमायला लागली. चर्चचे नियम तेव्हा शेकडो, आणि एकमेकांशी भांडणारे. तिथल्या एका मास्तरानं ते समोरासमोर मांडले आणि विचारलं, आता बोला, दोन्ही खरे कसे? "आपलं सगळं कायद्याचं शिक्षण या एका प्रश्नातून निघालंय," मावशी म्हणायच्या. त्या गावात मास्तरांना विद्यार्थीच नेमायचे आणि उशीर झाला तर दंडही करायचे. हे सांगितल्यावर वर्गानं मावशींनाही दंड लावला. त्या मुद्दाम अधूनमधून उशिरा यायच्या आणि दंड म्हणून वसईची सुकेळी वाटायच्या. सुकवलेलं केळं बघून अमेरिकन पोरं आधी दचकायची, मग कागद चाटायची.

आणि बायबलातल्या पहिल्या माणसाची, आदामची गोष्ट. देवाला सगळं ठाऊक होतं. फळ कुणी खाल्लं, कुणाच्या सांगण्यावरून खाल्लं, सगळं. तरी त्यानं बागेत हाक मारली, "तू कुठे आहेस?" का? जुन्या कायदेपंडितांनी यावर डोकं लढवलं आणि म्हणाले, ते समन्स होतं. सर्वज्ञ देवसुद्धा आरोपीचं ऐकल्याशिवाय शिक्षा देत नाही, तर बिशप कोण आणि राजा कोण. हे सांगताना मावशी टेबलावर टिचकी मारायच्या. "देवाला चुकलं नाही समन्स. तुम्हाला चुकणार आहे?"

आमच्या मराठी मंडळातही त्यांनी हेच केलं. गणपतीच्या कार्यक्रमात ऐन नाटकात माइक गेला. साउंडचं बघणाऱ्या काकांना कमिटीतून काढायचं ठरलं, ठरावही झाला. मावशी तिथे केवळ मोदकांसाठी आल्या होत्या. चष्मा वर गेला. "काकांना फोन लावा, स्पीकरवर." सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, लेट इट गो ना, उगाच इश्यू होईल." त्यांनी स्वतःच फोन लावला. काका म्हणाले, कुणीतरी माइकचा प्लग काढून तिथे चहाचा विजेवरचा मोठा थर्मास लावला होता. थर्मास सेक्रेटरींच्या बायकोचा होता. सेक्रेटरींनी त्यानंतर मावशींना मोदक स्वतःहून वाढले नाहीत, पण काका कमिटीत राहिले.

इतकंच असतं तर मी त्यांना एक गमतीदार म्हातारी म्हणून लक्षात ठेवलं असतं. पण मग ती मुलगी आली.

नागपूरच्या बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली परदेशी आलेली, सरकारी शिष्यवृत्तीवर. मराठी माध्यमातून शिकलेली. वर्गात इंग्रजी बोलताना अडखळायची, वाक्य मध्येच सोडून द्यायची. सत्राच्या शेवटी तिनं मावशींना निबंध दिला. विषय असा: ज्या चर्चच्या कायद्यानं "ऐकल्याशिवाय शिक्षा नाही" हा नियम केला, त्याच कायद्यानं पाखंडी ठरवलेल्यांसाठी तो गुंडाळून ठेवला. आरोप करणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, वकिलाचा गलका नको, लवकर निकाल. निबंध धारदार होता आणि इंग्रजी गुळगुळीत. मावशींना संशय आला, की हे मशिनकडून लिहून घेतलंय. नियमाप्रमाणे त्यांनी शिस्त समितीकडे तक्रार केली.

समितीनं निबंध मशिनचं लिखाण ओळखणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून काढला. सॉफ्टवेअर मावशींच्या बाजूचं निघालं. मुलीला बोलावलंच नाही. ईमेलनं निकाल कळवला: दोषी, एका सत्रासाठी निलंबन. म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे शिष्यवृत्ती गेली, म्हणजे नागपूरचं तिकीट. अपिलाची मुदत होती, पण अपिलात नवीन पुरावा लागतो असं लिहिलेलं. जुनाच कुणी ऐकला नव्हता.

मुलगी लायब्ररीत माझ्यासमोर बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना."

मी तरातरा मावशींकडे गेले. त्यांना निकाल नुकताच कळला होता. मी काही बोलायच्या आत त्या कोट घालायला लागल्या. आम्ही दोघी समितीच्या प्रमुखांकडे गेलो. गोड बोलणारे गृहस्थ. त्यांना वाटलं, मावशी आभार मानायला आल्यात.

"ही शिक्षा मला मान्य नाही," मावशी म्हणाल्या.

"पण आम्ही तुमचंच म्हणणं मान्य केलंय."

"म्हणूनच. तुम्ही माझं ऐकलंत. तिचं नाही."

"तिनं ते केलं नाही, असं आता तुमचं म्हणणं आहे का?"

"मला अजूनही वाटतं तिनं केलं. पण मला वाटतं म्हणून तिला घरी पाठवणार?"

ते म्हणाले, प्रोसेस पूर्ण झाली आहे, तुम्ही फक्त नापासाची ग्रेड भरा. मावशींनी ग्रेड भरली नाही. ऑफिसातून आठवण आली, भरली नाही. डीनचा फोन आला, भरली नाही. डीननं सुचवलं, की कंत्राटावरच्या शिक्षकांनी जरा जपून राहावं. मावशी म्हणाल्या, "जपलंय. साठीपर्यंत फार जपलंय." गावातली आपली माणसं मला विचारायची, त्या पोरीनं खरंच कॉपी केली का? मी मावशींना विचारलं. त्या चिडल्या. "तू मला खासगीत विचारू नकोस आणि मीही तिला खासगीत विचारणार नाही. ते सगळ्यांसमोर विचारायचं असतं." मला सांगा, आपलीच केस जिंकल्यावर ती पुन्हा उघडा म्हणून हट्ट धरणारी फिर्यादी तुम्ही पाहिली आहे? मी नव्हती पाहिली. अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही खरं सांगते.

ग्रेडशिवाय सत्र बंद होईना. शेवटी समितीला सुनावणी घ्यावी लागली. मुलीनं मागितलं, की अडलं तर मराठीत बोलू द्या. कॉलेजात मराठीचं इंग्रजी करून सांगणारी, फिर्यादी मावशी सोडल्या तर, मीच. म्हणून मी त्या खोलीत होते.

मला वाटलं होतं, मावशी आता नरमाईनं घेतील. छे. फिर्यादी म्हणून उभ्या राहिल्या आणि सोलून काढायला लागल्या. हा मुद्दा कुठून आला? या वाक्याचा अर्थ काय? साक्षीदारांची नावं लपवली नसती, तर त्यांचे जीव गेले असते, त्याचं काय? मुलगी पहिल्यांदा इंग्रजीत चाचरली. मग मराठीत सुटली. नागपुरी वेगानं. मी मधे धावत होते, एकीचं संपवते तोवर दुसरी सुरू. साक्षीदाराच्या भीतीचा मुद्दा तिनं आधी पूर्ण मान्य केला, मावशींपेक्षा चांगला मांडला, आणि मग म्हणाली, "भीती दोघांनाही होती मॅडम. कायद्यानं एकाचीच मोजली." हे वाक्य मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा समितीतली एक बाई पेन ठेवून बघायला लागली.

मग मुलीनं सांगितलं. निबंध तिनं पूर्ण मराठीत लिहिला होता. मशिनकडून फक्त इंग्रजी करून घेतलं. ते सांगायला हवं होतं हे तिला माहीत नव्हतं.

मावशींनी विचारलं, "मग वर्गात तू असं कधी बोलली नाहीस. ते का?"

"तुम्ही इंग्रजीत विचारायच्या म्हणून." आणि ती थांबली नाही. "तुम्ही मराठी आहात, तुम्हाला कळायला पाहिजे होतं. तुम्हाला वाटलं माझ्यासारखी मुलगी असं लिहूच शकत नाही. मशिनला वाटलं ते सोडा. तुम्हाला वाटलं."

हे इंग्रजीत कसं सांगू? मावशी माझ्याकडे वळल्या. "जसंच्या तसं सांग. एकही शब्द सौम्य करू नकोस." मी सांगितलं. मावशी समितीला म्हणाल्या, "माझ्याकडे याला उत्तर नाही," आणि खाली बसल्या.

निलंबन रद्द झालं. निबंध स्वतःच्या इंग्रजीत पुन्हा लिहायचा, एवढंच राहिलं. बाहेर पायऱ्यांवर मावशी मला म्हणाल्या, "हरले. पण नीट हरले गं." चेहरा मात्र उतरलेला होता. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. त्या पोरीचं म्हणणं लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं.

पुढच्या वर्षी त्यांचं कंत्राट वाढलं नाही. कोर्सच बंद झाला, विद्यार्थी कमी म्हणून. त्यांनी सुनावणी मागितली. उत्तर आलं, कंत्राट आपोआप संपतं, त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. मावशींनी गावच्या सार्वजनिक वाचनालयात शनिवार सकाळची खोली मागितली आणि तोच कोर्स तिथे सुरू केला. पगार नाही, क्रेडिट नाही, दारावर कागद चिकटवलेला: सर्वांना प्रवेश, हरकत घेणाऱ्यांना आधी. पहिल्याच शनिवारी ती मुलगी आली. तिनं मावशींना माफ केलं नव्हतं आणि मावशींनीही माफी मागितली नव्हती, निदान शब्दांत नाही. त्यांनी फक्त तिला मराठीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. दर शनिवारी मुलगी एक हरकत घेऊन यायची आणि मावशी तिला उत्तर द्यायच्या. कधी ती जिंकायची, कधी त्या. मी चहा आणायचे आणि खुर्च्या लावायचे. एक निवृत्त टपालवाला, दोन-तीन विद्यार्थी, नाव न सांगणारी एक बाई, असे आम्ही सगळे डोळे विस्फारून ते भांडण बघायचो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच. चर्चमध्ये लोक चांगलं बोलले, सगळं एकाच बाजूनं.

त्यानंतरच्या शनिवारी खोली त्यांच्याच नावावर होती. कुणी कुणाला कळवलं नव्हतं, तरी सगळे आले. मुलगी तयारी करून आली होती. ती उभी राहिली आणि तिनं हरकत मांडली: ऐकून घेणं म्हणजे न्याय नव्हे. ऐकून घेऊनही माणसं चिरडली जातात, उलट ऐकल्याचं समाधान चिरडणाऱ्याला मिळतं. ती छान बोलली. बोलून झाल्यावर ती सवयीनं उत्तरासाठी थांबली. टपालवाल्यानं मान खाली घातली. मुलगी मावशींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

मला त्या विषयातलं फारसं कळत नाही. शिवाय तिचं म्हणणं मला पटलं होतं. तरी मी हातातला चहा ठेवला, उठले आणि तिच्याविरुद्ध बोलायला लागले.