क्लेमेंटला शांत खोली हवी होती

क्लेमेंट माझा थोरला भाऊ. वसईजवळच्या नंदाखालचा वाडीवाला. केळी, नारळ, आणि उन्हं तापली की राजेळी केळ्यांची सुकेळी, यात त्याचा जन्म गेला. चार शब्दांत विषय संपवणारा माणूस. राग आला तरी आतल्या आत धुमसत बसतो. त्यामुळे त्याच्या वाटचं मला भांडावं लागतं, आणि मी भांडते. आमच्या वहिनीला, फ्लॉसीला, ते आवडत नाही. नसू दे.

शेजारच्यांनी वाडी विकली आणि तिथे रिसॉर्ट आलं. तेव्हापासून शनिवार-रविवार डीजे. कपाटातली भांडी वाजतात. क्लेमेंट तक्रारी करून थकला. एकदा मीच तरातरा त्यांच्या फाटकावर गेले आणि शेलक्या शिव्या हासडून आले. आवाज एका गाण्यापुरता कमी झाला.

अशात त्याचा मुलगा मार्क म्हणाला, "डॅडी, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. ताडोबाला जाऊ. राहायचं कुठे ते तुम्ही ठरवा." क्लेमेंटने कुणाकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. या वेळी मात्र त्याने मागितलं. "गेटाजवळ वनखात्याच्या साध्या खोल्या हायेत ना? तिथे. मला वाघ नाय दिसला तरी चालेल. एक रात नीट झोपू दे." मार्क म्हणाला, "डन, डॅडी." मी तिथेच बसले होते, म्हणून सांगते.

आणि आम्हा चौघांची गाडी कुठे थांबली? रिसॉर्टच्या दारात! निळाशार पूल, रेन डान्स, माणसाएवढे स्पीकर. पूलभोवती शोभेला केळी लावलेली, तीही प्लास्टिकची. क्लेमेंट गाडीतून उतरेचना.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"डॅडी, त्या खोल्यांत एसी नाय. मम्मीचे गुडघे बघा ना."

गुडघ्यांचा आणि एसीचा काय संबंध, असं मी विचारलं. मार्क फोन काढून फोटो घेत सुटला. पूलचे, कपडे बदलायच्या खोल्यांचे, पाण्याच्या पंपाचेसुद्धा. एवढं काय बघतोय हा, माझ्या काही ध्यानात येईना.

संध्याकाळी जेवायला बसलो तोवर डीजे सुरू झाला होता. तेवढ्यात तिथला मॅनेजर हसत हसत आमच्या टेबलापाशी आला आणि क्लेमेंटचा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, वसईची ती जागा तुमचीच ना? समुद्र जवळ, झाडं तयार. मार्कभाऊंनी फोटो दाखवले. रिसॉर्ट छान चालेल बघा. आमच्याकडचं सगळं नीट बघून घ्या."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे चाळीस वर्षांचं निमित्त, आणि बापाला आणलं होतं नमुना दाखवायला! मी मार्कला नको नको ते बोलले. चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. लाज त्याला वाटायला हवी होती, मला कशाला वाटेल?

क्लेमेंटने हात वर करून मला थांबवलं. "बावखलाचं काय करशील?" त्याने मार्कला विचारलं. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्याच पाण्यावर आमच्या सगळ्या पिढ्यांची केळी जगली.

मार्कला वाटलं, बाप विचार करायला लागला. तो खुशीत पुढे सरकला. "तोच तर प्लस पॉइंट, डॅडी! खोदायचं कामच नाय. टाइल्स लावल्या की पूल तयार."

क्लेमेंटने फ्लॉसीकडे पाहिलं. ती ताटात बोटांनी भात गोळा करत राहिली. तिला ठाऊक होतं.

सकाळी सफारीची जिप्सी आली तेव्हा क्लेमेंट पिशवी घेऊन उभा होता. "मला वनखात्याच्या खोल्यांवर सोडा," त्याने ड्रायव्हरला सांगितलं. वाटेत गेटाजवळ तो उतरला; मी सोबत निघाले तर मलाही नको म्हणाला. मार्क "डॅडी, डॅडी" करत चार पावलं मागे गेला आणि परत जिप्सीत येऊन बसला, कारण जंगलात शिरायची वेळ टळत होती.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"मिळाली का शांत खोली?"

"मिळाली. पान हललं तरी ऐकू येतं."

"मग? झोप लागली ना?"

"नाय लागली गं, बाय," क्लेमेंट म्हणाला.