अजून एक घे म्हणणारी कांतामावशी

कांतामावशी गेली त्याला महिना झाला. लालबागच्या मसाला गल्लीत अजून कोणी ना कोणी विचारतं, मिरची भाजायला ती कणकवलीकडची बाई यायची ती दिसत नाही हल्ली. सांगावं लागतं. मग समोरचा हमखास म्हणतो, खायला घालायची हो बाई.

घालायचीच. कोण दारात आलं की पाण्याच्या आधी ताट. त्याला कारण होतं. गिरणीचा संप झाला, तिचा नवरा, आनंदाकाका, घरी बसले, तेव्हा मुलगा मयूर तिच्या कडेवर होता. पेजेत पाणी वाढवून वाढवून शेवटी नुसतं पाणीच उरायचं. मयूरच्या बरगड्या दिसायच्या, चाळीतल्या बायका त्याला काडीपैलवान म्हणायच्या. मावशी पण हसायची त्यांच्याबरोबर, पण ते आत कुठेतरी रुतून बसलं. मग ती मिरच्या भाजायच्या कामाला लागली. ठसक्याने जीव जायचा, पण आपल्या घरात पोर उपाशी दिसता कामा नये हे जे तिने धरलं ते धरलं.

म्हणून मयूरला मुलगी झाली, अक्षदा, गोबऱ्या गालांची, तेव्हा मावशीला आभाळ ठेंगणं झालं. कोणाला पण दाखवायची. "बघा, खात्यापित्या घरचा चेडू."

तोवर चाळ पडून टॉवर झाला होता. घर वर बाविसाव्या मजल्यावर, लिफ्ट, सगळ्यांची दारं बंद. चाळीत पोरं गॅलरीत धावायची, इथे धावणार कुठे. अक्षदा शाळेतून आली की मोबाईल घेऊन बसायची आणि बाजूला मावशी ताट घेऊन. "अजून एक घावणो घे गो बाय, माका बरा वाटात." पोर मोबाईलमधून मान वर न करता तोंड उघडायची. संध्याकाळी सुरुची, म्हणजे सून, ऑफिसातून यायची ती फरसाणाचा पुडा घेऊन. मयूर यायचा तो थंडाची बाटली घेऊन. रिकाम्या हाताने कोणी यायचंच नाही, त्याला खाऊ म्हणायचं. पोर दहा वर्षांची झाली आणि लिफ्ट बंद पडली की दुसऱ्याच जिन्यावर धापा टाकत बसायला लागली. मावशी म्हणायची, दृष्ट लागली.

मग ती मान. अक्षदाच्या मानेवर मागून काळा पट्टा दिसायला लागला, जाडसर. मावशीला वाटलं मळ. तिने सुरुचीला टोमणा मारला, "पोरीच्या मानेकडे बघायला तुमका वेळ नाय." आणि स्वतः आंघोळ घालायला लागली. नारळाची शेंडी घ्यायची, साबण लावायचा आणि घासायची. पोर रडायची, आजी दुखतं. "दुखतला, मळ निघाक नको?" तो निघेना. मावशी अजून जोरात घासायची. एक दिवस कातडी सोलवटली, पाणी यायला लागलं, तेव्हा सुरुचीने हात धरला आणि दोघी पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीण तरुण होती. तिने मान बघितली, वजन केलं, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट घेऊन परत गेल्यावर म्हणाली, "आजी, हा मळ नाही. वजन वाढलं की कधी कधी असं होतं. शरीर साखर नीट वापरत नाहीये त्याची खूण आहे."

साखर म्हटल्यावर मावशी बसली ती उठेना. आनंदाकाका साखरेनेच गेले होते, आधी पायाचा अंगठा काढला, मग पाय. तिने हळूच विचारलं, "चेडवाचा पण तसाच होतला काय?"

"अजून डायबेटीस नाही आजी. आत्ताच सवयी बदलल्या तर टळू शकेल. पण एकट्या पोरीला पथ्य नको. घराचं ताट बदला, सगळे हलायला लागा. आणि तिला जाडी वगैरे अजिबात म्हणायचं नाही."



आणि घरी येऊन केलं काय, तर जे नको सांगितलं तेच. भीतीच इतकी बसली. अक्षदाला उकडलेला दुधी आणि बाकीच्यांना तळलेले बांगडे. पोर ताटाकडे बघून रडली. मग एके दुपारी मावशीने स्वयंपाकघरात पाहिलं तर अक्षदा ओट्याला टेकून गपागपा फरसाण खात होती, आणि आजी दिसल्यावर डबा मागे लपवला. मावशी चिडणार होती. पण ते लपवणं बघून राग ओसरला. तिच्या घरात पोर चोरून खात होतं.

ती खाली बसली. म्हणाली, "भूक लागली तुका?"

"नाही."

"मगे?"

अक्षदाने डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मला आधी पण भूक नसायची आजी. तू म्हणायचीस ना, माका बरा वाटात. म्हणून खायचे."

मावशीने तिला जवळ घेतलं. पुढे मसाला गल्लीत बायकांना ती हे सांगायची तेव्हा इथेच थांबायची आणि पदर डोळ्याला लावायची, म्हणायची मिरची गेली.

त्या दिवसापासून तिने एक शब्द सोडला. अजून. तोंडावर आला की ओठ चावायची. त्याच्या जागी विचारायची, "पोट भरला?" भरला म्हटलं की ताट उचलायची, अर्ध्या भाकरीसकट. ती भाकरी उचलताना हात जड व्हायचा तिचा, दिसायचं. सगळ्यांना एकच जेवण झालं, नाचणीची भाकरी, पालेभाजी, माशाचं कालवण, तळण फक्त सणाला. जेवताना मोबाईल एका टोपलीत. सगळ्यात जास्त कुरकुर मयूरची.

"आई, मी काय लहान आहे का?"

"लहान नाय म्हणानच सांगतंय. पोर तुझ्याकडे बघता."

खाऊचं पण तसंच. मावशीने दोघांना सांगितलं, खाऊ आणा, पण तोंडात घालायचा नको. सुरुची एकदा दोरी घेऊन आली उड्या मारायची. मयूर पेरू आणायला लागला, वर म्हणायचा, हा तोंडात घालायचा आहे, चालेल ना मातोश्री. सकाळी बाईक बंद, शाळेत चालत, मयूर पण सोबत. आणि संध्याकाळी मावशी खाली पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, खुर्ची टाकून बसायची आणि टॉवरमधल्या सगळ्या पोरांची लंगडी लावायची. वॉचमन म्हणाला, आवाज होतो, कंप्लेंट येईल. मावशी म्हणाली, "येऊ दे. कंप्लेंटवाल्याक पण खेळाक घेतंय."

वर्ष गेलं. अक्षदा काही बारीक झाली नाही एकदम, पण उंची वाढली, दम लागायचा कमी झाला, मान उजळली. डॉक्टरीण म्हणाली साखर ठीक आहे, असंच चालू ठेवा. मावशी त्या दिवशी लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला पण सांगत होती.

मग थंडीत छातीत दुखलं आणि गेली. हॉस्पिटलात जाताना सुरुचीला एवढंच म्हणाली, पोरीक बळेच वाढू नको.

घरात सगळ्यांना तीच धास्ती होती. दुःखात माणूस खातं, आणि येणारा प्रत्येक जण डबा घेऊन येतो. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. अंबिकाआत्या, आनंदाकाकांची बहीण, लाडू घेऊन अक्षदाच्या पुढ्यात बसली. "घे बाळा अजून एक. आजीच्या नावाने."

सगळे बघायला लागले. आता आजीच्या नावाला नाही कसं म्हणणार. अक्षदाचे डोळे भरले. पण म्हणाली, "आत्या, पोट भरलंय माझं."

"असं नाय म्हणू. आजीला काय वाटेल?"

सुरुची काही बोलणार तेवढ्यात मयूर बोलला, "आजीला बरंच वाटेल आत्या. राहू दे. भूक लागली की ती मागते."

आत्याने तोंड वाकडं केलं, पण लाडू ताटात परत ठेवला. खालून पोरांनी हाका मारल्या तशी अक्षदा गेली. दिवेलागणीला घामाघूम होऊन वर आली, चप्पल काढता काढता म्हणाली, मम्मी, खूप भूक लागली. भाकरी आणि मुळ्याची भाजी खाल्ली. मग स्वतःच आत्याकडे जाऊन अर्धा लाडू मागितला आणि तिच्या मांडीवर बसून, चवीने, सावकाश खाल्ला.