लॉर्ना ट्रेझाईजचा निरोप समारंभ

पोर्ट टॅलोचा समुद्र उथळ आहे. ओहोटी लागली की तो मैलभर मागे सरतो आणि मागे ओली, चकचकीत वाळू उरते, तिच्यात आभाळ उताणं पडलेलं असतं. म्हणून तिथला धक्का इतका लांब बांधावा लागला की किनाऱ्यावरून पाहिलं तर त्याच्या टोकाला उभा असलेला माणूस माणूस वाटत नाही, कुणाला तरी अर्धवट आठवलेलं काहीतरी वाटतो. त्या टोकाला वीस वर्षं क्लेम पेनहॉल उभा होता.

जवाची पोती रुळांवरच्या ढकलगाडीतून गलबतापर्यंत न्यायची, संध्याकाळी धक्क्यावरचा दिवा लावायचा, पाणी किती चढलं-उतरलं ते पाहायचं, ही त्याची नोकरी. आणि देत सुटणं हा त्याचा स्वभाव. मासे मिळाले की गावभर वाटून हा घरी पाव आणि मुरंबा खायचा. ज्या वर्षी पाऊस झाला नाही त्या वर्षी त्याने आपल्या टाकीतलं पाणी शेजारच्या विधवेच्या गुलाबांना दिलं आणि स्वतः महिनाभर समुद्रात अंघोळ केली. "क्लेमसमोर एखादी वस्तू चांगली आहे म्हणू नका रे," बेकरीवाला मॉर्ली रोड म्हणायचा, "संध्याकाळी तुमच्या दारात आणून टाकेल." हे खरं होतं. मॉर्लीकडे क्लेमची सायकल होती.

एकच गोष्ट त्याला कुणाला देता आली नव्हती, कारण ती कशी देतात हे त्याला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी साडेपाचला तो पोस्टात जायचा. दुसऱ्या दिवसाच्या पाण्याचा अंदाज जहाज कंपनीला तारेने कळवावा लागे, आणि तार करायची मिस लॉर्ना ट्रेझाईज. पोस्ट तिचं, टेलिफोनचा स्विचबोर्डही तिचाच. गावात कोण कुणाशी काय बोललं ते सगळं तिच्या कानांतून जायचं आणि तिथेच राहायचं. तिला या गावात येऊन चौदा वर्षं झाली होती. आली तेव्हा तेवीस वर्षांची होती.

"पाणी?" ती विचारायची.

"नऊ फूट. सकाळी सहा वीस."

"वारा?"

"दक्षिणेचा. हलका."

ती लिहून घ्यायची. तो टोपी डोक्यावर ठेवायचा. चौदा वर्षांत त्यांचं बोलणं एवढंच, आणि त्यात जे काही होतं ते दोघांनी वाऱ्याच्या दिशेत आणि पाण्याच्या उंचीत घालून ठेवलं होतं. कधी वारा पडलेला असायचा आणि क्लेम म्हणायचा, "वाराच नाही आज." त्या दिवशी तिची पेन्सिल थोडा वेळ थांबायची.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात एक दिवस तिने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पोर्ट पिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका वेळी सहा जणी बसतात म्हणे. केवढा मोठा बोर्ड असेल. कसं वाटत असेल तिथे?"

क्लेमने टोपी डोक्यावर ठेवली. पण धक्क्यावर परतताना ते वाक्य त्याच्या पावलांशी चालत होतं. तिला पिरीला जायचंय. ती गेली की साडेपाचला पोस्टात दुसरंच कुणी बसलेलं असेल. तरी त्याने चार संध्याकाळी बसून टपाल खात्याला पत्र लिहिलं. या बाईच्या हातून एक तार कधी चुकली नाही, गावात आग लागली तेव्हा ती सोळा तास बोर्डावरून उठली नाही, अशा बाईला आमच्यासारख्या गावात ठेवणं खात्याला शोभत नाही. खाली सही: एक नागरिक. एवढ्या मोठ्या खात्यात असल्या पत्राला कोण विचारतं? पण दीड महिन्याने बदलीचा हुकूम आला. तोही पिरीचा, तोही मोठ्या बोर्डावर.

हुकूम आल्याचं गावात पहिल्यांदा क्लेमला कळलं, कारण टपालाची पिशवी तोच उतरवायचा आणि खात्याचा लांबट लिफाफा त्याने ओळखला. लॉर्नाने लिफाफा उघडला, दोनदा वाचला आणि खणात टाकला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. लाजली असेल, क्लेमला वाटलं, कुणाला सांगायचं कसं म्हणून गप्प असेल. मग त्याने दुसरा उपकार केला. तो मिसेस नँकर्विसकडे गेला.

मिसेस नँकर्विस निरोप समितीच्या अध्यक्ष. पोर्ट टॅलोमधून निरोपाशिवाय कुणी गेलं नव्हतं. हॉलमध्ये चहा, केशराचा केक, भाषणं आणि शेवटी भेटवस्तू. तो गावाचा मोठेपणा होता आणि त्याला एक काटाही होता: एकदा निरोप घेतला की थांबता येत नाही. बँकेतल्या हेडली जोसला निरोप देऊन हवेचा दाब दाखवणारं भिंतीवरचं यंत्र दिलं आणि मग त्याची बदलीच रद्द झाली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अरे, अजून इथेच?" आठ महिन्यांनी हेडली नोकरी सोडून निघून गेला. यंत्र मात्र सोबत नेलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या काचेवर कागद लागला. शनिवारी दुपारी तीन वाजता, मिस ट्रेझाईज यांचा निरोप समारंभ, बायकांनी खायला आणावं.

साडेपाचला क्लेम पोस्टात गेला. ती उभी होती.

"समितीला कुणी सांगितलं?"

"पाणी आठ फूट," क्लेम म्हणाला.

"पाणी गेलं खड्ड्यात, मिस्टर पेनहॉल. मी उद्या नकार लिहिणार होते. आता काचेवर कागद लागलाय. मिसेस नँकर्विसनी तर भेट द्यायच्या बॅगेवर माझी आद्याक्षरंसुद्धा कोरून घेतली. कोण आहे हा शहाणा?"

क्लेमने खिडकीकडे पाहिलं. ती नकार लिहिणार होती. मग त्या दिवशी खिडकीतून पाहत ती जे म्हणाली, ते नुसतंच म्हणाली होती. माणसं चंद्राकडे पाहून म्हणतात तसं. तिला चंद्र नको होता, आणि यानं तो उतरवून दारात आणून टाकला होता.

"वारा?" शेवटी तिने विचारलं, कारण तार करायची होतीच.

"माहीत नाही," क्लेम म्हणाला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी हॉल भरला. हिवाळ्यातलं पातळ ऊन उंच खिडक्यांतून तिरपं येत होतं आणि चहाच्या वाफेत तरंगत होतं. मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या, अंड्याची सँडविचेस, केशरी केकचे तीन डोंगर. लॉर्ना मधल्या खुर्चीत निळ्या पोशाखात बसली होती, समोर टेबलावर नवी तपकिरी बॅग. मुख्याध्यापक बोलले. मॉर्ली बोलला आणि नेहमीप्रमाणे मध्येच रडला. मग मिसेस नँकर्विस म्हणाल्या, "आता धक्क्यातर्फे क्लेम दोन शब्द बोलेल. दोनच बोलेल, घाबरू नका."

लोक हसले. क्लेम उठला. त्याला सगळं फार दुरून दिसत होतं, धक्क्याच्या टोकावरून गाव दिसतं तसं. छपरं, धूर, कुणाचे तरी हात हलताहेत आणि आवाज नाही.

"खात्याला पत्र मी लिहिलं," तो म्हणाला.

कुणाला कळेना. "कसलं पत्र, क्लेम?"

"बदलीचं. आणि समितीलाही मीच सांगितलं. मला वाटलं, तिला हवंय."

लॉर्ना हळूहळू उठली. "तुम्ही?" ती म्हणाली. "मला घालवायला?"

"नाही. म्हणजे... हो. तुम्हाला आवडेल म्हणून."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला? तुम्हाला हवं होतं ना."

"अरे देवा," मागून मॉर्ली म्हणाला, "याने तिला पण सायकलसारखी देऊन टाकली की."

कुणी हसलं, कुणी त्याला गप्प केलं. लॉर्ना क्लेमकडे पाहत राहिली. "याआधी दोनदा बदली आली होती," ती म्हणाली. "एकदा अडिलेडला. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. का, ते विचारा."

क्लेमने विचारलं नाही. त्याच्या कानांपर्यंत लाली चढली आणि हॉलमधल्या ऐंशी माणसांना उत्तर कळलं. मिसेस नँकर्विस पुढे झाल्या. "मग आता काय करायचं, बाई? बॅग परत घ्यायची पद्धत नाही आपल्याकडे. अक्षरं कोरलीत."

"मला माहीत आहे," लॉर्ना म्हणाली. "सगळ्यांसमोर निरोप घेतलाय, मी जाणार. सोमवारच्या बसने. पण ती बॅग मिस्टर पेनहॉल उचलतील."

सोमवारी सकाळी ओहोटी होती. वाळूवर धुकं होतं आणि धक्क्याचे खांब त्यात अर्धे अर्धे विरघळले होते. पोस्टासमोर बस उभी होती, भोवती गाव. क्लेम बॅग घेऊन आला. लॉर्ना आत जाऊन खिडकीपाशी बसली, त्याच्याकडे न पाहता. ड्रायव्हर कीथ ब्रेने हात पुढे केला. "दे, वर टाकतो."

क्लेमने बॅग दिली नाही. त्याला द्यावीशी वाटेना. ही भावना त्याला इतकी नवी होती की तो जरा वेळ तिथेच उभा राहून ती पाहत राहिला. मग तो बॅगेसकट बसमध्ये चढला आणि लॉर्नाच्या शेजारी बसला, बॅग मांडीवर घेऊन.

बाहेर कुजबुज वाढली. मिसेस नँकर्विस खिडकीपाशी आल्या. "क्लेम पेनहॉल, उतर खाली. तुला निरोप दिलेला नाही."

"माहीत आहे."

"निरोपाशिवाय या गावातून कुणी जात नाही."

"मी कुठे जातोय, मिसेस नँकर्विस? मी बॅग पोचवतोय."

"आणि धक्का? दिवा? पाणी कोण बघणार?"

"दिवा म्हाताऱ्या पेनरोजला सांगितलाय. पाणी आपलं आपण येतं-जातं. मी उगाच वीस वर्षं बघत होतो."

मिसेस नँकर्विस खिडकीपासून मागे सरल्या. निरोप दिलेला नाही म्हणजे माणूस गेलेला नाही, हा त्यांचाच नियम. तेव्हा क्लेम कितीही दूर गेला, कितीही वर्षं राहिला, तरी तो पोर्ट टॅलोतच आहे असं समितीला धरून चालावं लागणार होतं. पुढे तसंच धरलं गेलं. त्याच्या नावाने हॉलच्या सफाईची पाळीही लागत राहिली.

बस निघाली. मिठागरं मागे पडली, जवाची हिरवी शेतं आली, ऊन धुक्यातून वर आलं. खिडकीच्या काचेत त्यांचे चेहरे शेतांवरून सरकत होते.

"लग्न झालेल्या बाईला खातं नोकरीवर ठेवत नाही," लॉर्ना काचेकडे पाहत म्हणाली. "ठाऊक आहे ना तुला?"

"तुला" ऐकून क्लेमने बॅग अधिक घट्ट धरली. "आहे ठाऊक."

"मग विचारायची घाई करू नकोस. आता चाललेच आहे, तर तो मोठा बोर्ड मला हातात घ्यायचाय. दोनेक वर्षं तरी."

"दोन वर्षं," क्लेम म्हणाला. "तिथल्या बंदरात पोती असतीलच की."

"आणि हे बघ," ती म्हणाली, "मी कशाला छान म्हटलं, तर मला आधी विचारायचं. हवंय का म्हणून."

"हो."

"आत्ता विचार."

क्लेमने विचार केला. बाहेर वारा सुटला होता, उभं गवत एका बाजूला निजत होतं. कुठल्या दिशेचा, ते त्याने पाहिलं नाही.

"बॅग जड आहे," तो म्हणाला. "पिरीपर्यंत धरून बसलो तर चालेल?"

"चालेल," लॉर्ना म्हणाली, आणि बॅगेवर त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.